एका कंदाची दोन नावे

परभणीच्या भाजीबाजारात आम्ही लहानपणापासून 'आलू' हाच शब्द ऐकत आलो. पुढे पुण्यामुंबईस जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा तो उच्चारताच समोरचा हसे व म्हणे, "मराठीत बटाटा म्हणा!" आपला शब्द निजामी अमलातला आणि त्यांचा शुद्ध, अशी समजूत करून घेऊन आम्ही मान खाली घालीत असू. श्रोतेहो, या समजुतीला इतिहासाचा आधार कितपत आहे, हे आज पाहावयाचे आहे.

'बटाटा' हे नाम मूळचे कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचे. १४९२ साली कोलंबस तेथे पोचला, आणि स्पॅनिश लोकांनी 'बताता' हा शब्द उचलला. त्याचा अर्थ मात्र होता रताळे! आपला बटाटा त्यांना पुढे अँडीज पर्वताच्या मुलखात भेटला. केचुआ भाषेत त्याचे नाव 'पापा'. या दोन नावांच्या सरमिसळीतून स्पेनमध्ये 'पताता' झाले. आजही स्पेनात बटाट्यास 'पताता' व दक्षिण अमेरिकेत 'पापा' म्हणतात; 'बताता' मागावा तर पुढ्यात रताळे येते. शिवाय 'पापा' स्त्रीलिंगी असेल तर बटाटा, पुल्लिंगी असेल तर पोप! म्हणजे नुसता कोश पाठ करून नाम कळत नाही; ते कोण, कोठे, कसे योजतो हेही पाहावे लागते.

पोर्तुगीजांनी 'बताता' हे नाव बटाट्यास दिले. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या या लोकांकडून ते किनाऱ्यावर रुजले व घाट चढून देशावर आले. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. दरबारची भाषा उर्दू. त्यामुळे आमच्याकडे 'आलू' रूढ झाला. परंतु संस्कृतातही 'आलु' म्हणजे खाण्याजोगा कंदच. तेव्हा परका ठरविलेला शब्द घरचा निघाला, आणि शुद्ध म्हणून मिरवलेला समुद्रापलीकडचा!

मग बटाटा टाकावा काय? मुळीच नाही. रताळेही अमेरिकेतूनच आले. पण एकादशीच्या फराळात त्याची जात कोणी विचारीत नाही. शब्दांनाही तीच पंगत मिळावी. १ मे १९६० रोजी परभणी महाराष्ट्रात आली ती रित्या हाताने नव्हे, आपले शब्द घेऊन आली. आमच्या मुलांनी पुण्यात 'आलू' म्हणताना मान खाली घालू नये.