शिकमा आणि आपले उंबर



तू बिश्वात आला की जुन्या मंडळींना खंडाळ्याची आठवण होते. अलिबागजवळच्या त्या गावी एलियाहू हन्नाबीच्या जागेला जायचे, मलिदा करायचा, ताटात पाच फळे मांडायची. त्या ताटात उंबर कधी नसे. उंबर हे खायचे फळ आहे असे आपल्या गावात कोणी मानलेच नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे नबी आमोस. आपण नबीही नाही आणि नबीचा मुलगाही नाही, असे तो बेथ-एलच्या कोहेनला सांगतो. आपला धंदा काय, तर गुरे राखणे आणि शिकमाच्या फळांचे काम करणे. मराठी बायबलात या शिकमाला उंबर म्हटले आहे. आपल्या वाडवडिलांनी तनाख प्रथम वाचला तो बहुतेक मिशनऱ्यांच्या मराठी भाषांतरातून. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, तो हाच काळ. तेव्हा आमोस आमच्या डोळ्यांसमोर उभा राही तो विहिरीकाठच्या उंबराखाली, पडलेली फळे वेचताना. नबीने असले फुकटचे काम का करावे, हा प्रश्न आम्हाला लहानपणी पडे, पण विचारायचा धीर नव्हता.

भाषांतर करणाऱ्यांना दोष देता येत नाही. शिकमा उंबराचा सख्खा चुलतभाऊच आहे. तोच चीक, खोडाला आणि जाड फांद्यांना लगडलेले तेच घोस. इंग्रज आपल्याकडच्या ज्या झाडाला सायकमोर म्हणतो ते मेपलच्या जातीचे, अमेरिकन म्हणतो ते आणखी तिसरेच. त्यापेक्षा आपले उंबर पुष्कळ बरे.

पण एक मोठा फरक आहे. शिकमा मूळचा इथला नाही. त्याचे घर आफ्रिकेत, सुदान आणि पूर्व आफ्रिकेच्या गरम माळांवर, नदीनाल्यांच्या काठी. तिथून हजारो वर्षांपूर्वी तो मिसरमध्ये आला. मिसरी लोकांनी त्याच्या लाकडाच्या शवपेट्या केल्या, हाथोर देवीशी त्याचे नाते जोडले. पुढे तो आपल्या या देशात आला, तो किनाऱ्याची सपाटी, शफेला आणि यार्देनचे गरम खोरे इथेच राहिला. थंडी त्याला सोसत नाही. मिसरातले शिकमे थंडीने मेले असे ७८व्या स्तोत्रात आहे ते उगीच नाही. मिश्नाने तर या झाडावरून सीमा आखली: कफार हनन्याच्या वर जिथे शिकमा होत नाही तो वरचा गालील, आणि खाली जिथे होतो तो खालचा गालील. नकाशा नसला तरी चालेल, झाड पाहा.

आमोसचे गाव तकोआ. ते बेथलेहेमच्या दक्षिणेला, सुमारे ८०० मीटर उंचावर, म्हणजे शिकमा न होणाऱ्या जागी. तेव्हा कामासाठी त्याला डोंगर उतरून खाली जावे लागत असणार, शफेलाकडे किंवा यार्देनच्या खोऱ्याकडे. हंगामी कामाला घर सोडून जाणारा माणूस म्हणा ना.

आता ते काम काय, ते ऐका. उंबर फोडले की आत किडे निघतात, हे कोकणातल्या पोरांना सांगावे लागत नाही. ती बारीक माशी उंबराचे परागीकरण करते, म्हणून उंबराला बी धरते आणि पक्षी ते बी लांब लांब नेऊन टाकतात. शिकमाचीही अशी स्वतःची माशी आफ्रिकेत आहे. ती झाडाबरोबर मिसरला आली नाही, इथेही आली नाही. दुसरी एक माशी आली, तिने फळात अंडी घातली, पण परागीकरण केले नाही. म्हणून इथल्या शिकमाच्या फळात किडे सापडत, बी मात्र नाही.

यातून दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे झाड आपोआप उगवेना. फांदी तोडून लावावी लागे. म्हणजे या किनाऱ्यावरचा जुना शिकमा पाहिला की समजायचे, इथे कोणीतरी तो हाताने लावला होता. दुसरी म्हणजे फळात माशी तयार होण्याआधी ते पिकवून घ्यावे लागे. त्यासाठी कच्च्या फळाला सुरीने चीर द्यायची. एकेका फळाला, झाडावर चढून. चीर दिली की फळ तीन-चार दिवसांत फुगते आणि पिकते. तेल अवीव विद्यापीठाचे याकोव गलील यांनी १९६८ साली या जुन्या पद्धतीवर लेख लिहिला. जखम झाल्यावर फळात इथिलीन वायू तयार होतो आणि तोच ते पिकवतो. आपण कच्ची केळी पिकवायला घालतो तेव्हा काम करतो तोच हा वायू.

आम्ही जन्मभर नर्सिंग केले. जखम म्हणजे बिघाड, असेच शिकलो. चीर दिल्याने बरे होणारे फळ ऐकून आम्हाला ते करून पाहावेसे वाटले. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक शिकमा आहे. उन्हाळ्यात हात पोचेल तेवढ्या दहा फळांना सकाळी स्वयंपाकघरातल्या सुरीने चीर दिली आणि शेजारच्या दहा फळांना दोरा बांधला, हात लावला नाही. चीक हाताला असा चिकटला की दोनदा तेल लावून धुवावा लागला. चौथ्या दिवशी चिरलेली फळे जवळजवळ दुप्पट झाली होती, रंग गुलाबीसर. दोरा बांधलेली होती तशीच हिरवी. चव म्हणाल तर पाणचट गोड, अंजिराच्या जवळपासही नाही. पण खाता येते, आणि गरिबाचे पोट भरते.

लाकूड हा त्याचा दुसरा उपयोग. छपराच्या तुळया त्याच्याच. दावीद राजाने शफेलातल्या जैतून आणि शिकमांवर गदेरचा बाल-हानान हा वेगळा अधिकारी नेमला होता, यावरून किंमत कळावी. खोड कापले तरी बुंध्यातून नवे फाटे फुटतात, ते वाढले की पुन्हा तुळया. मिश्नात न कापलेल्या झाडाला कुमारी शिकमा म्हणतात आणि कापून फुटलेल्या बुंध्याला वेगळे नाव आहे. वाळूत अर्धे गाडले गेले तरी खोडाला नवी मुळे सुटतात.

मग काँक्रीट आले, तुळयांची गरज संपली, फळाला गिऱ्हाईक उरले नाही, आणि फांद्या लावणारे हात थांबले. अश्केलोनच्या राष्ट्रीय उद्यानात आणि तेल अवीवच्या किंग जॉर्ज रस्त्यावर जुने शिकमे अजून उभे आहेत. आमच्या रस्त्यावरच्या झाडाची एक फांदी यंदा आम्ही कुंडीत लावली आहे. तिला दोन पाने आली आहेत. पाऊस सुरू झाला की जमिनीत लावू, जागा अजून ठरायची आहे.