शब्दांचें वजन

खात्री आणि शंका यांमधील अंतर मनुष्यास बहुधा शब्दांनींच मोजावें लागतें. आणि राज्यकारभारांत हें माप चुकल्यास प्रसंग मोठा बिकट येतो. १९४८ मध्यें टिटो व स्टालिन यांची फारकत झाली. पुढें मार्च १९५१ मध्यें अमेरिकेच्या हेरखात्यानें असा अहवाल दिला कीं, त्या वर्षीं युगोस्लाव्हियावर स्वारी होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’, म्हणजे गंभीर शक्यता, मानली पाहिजे.

येल विद्यापीठांत इतिहास शिकविलेले शर्मन केंट हे अहवालकर्त्यांपैकीं एक. परराष्ट्रखात्यांतील एका अधिकाऱ्यानें या शब्दांचा अर्थ विचारतां ते उत्तरले, “शेंकडा ६५.” अधिकारी चकित झाला, त्यानें तें प्रमाण पुष्कळच कमी धरलें होतें. केंट यांनीं मग सहकाऱ्यांस विचारलें. एकाच मसुद्यास संमति देणाऱ्या त्या मंडळींत कोणी शेंकडा २० म्हणे, तर कोणी ८०! एकमत झालें होतें तें केवळ शब्दांवर.

१९६४ मध्यें केंट यांनीं निबंध लिहून शब्दांस आंकडे जोडले. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे सुमारें ९३, ‘प्रॉबेबल’ म्हणजे ७५. आंकड्यांस नाक मुरडणाऱ्यांस ते ‘कवि’ म्हणत. पुढें हवामानबदलाविषयींच्या आंतरराष्ट्रीय मंडळानेंही ‘व्हेरी लाइक्ली’ म्हणजे शेंकडा ९० किंवा अधिक, असें ठरविलें.

१९५१ सालीं ती स्वारी झाली नाहीं. परंतु सैन्य सज्ज ठेवावें किंवा कसें, हें ज्यांस ठरवावयाचें होतें, त्यांच्या हातीं त्या वेळीं एक विशेषणच काय तें होतें.