लहान मोटारीची कसोटी

नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, ज्याला पूर्वी क्रमांक ७ म्हणत, पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. नदीच्या एका तीरावर यवतमाळ, दुसऱ्या तीरावर आदिलाबाद. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. सीमेची रेघ बदलली. सोयरीक मात्र दोन्ही बाजूंना राहिली. लग्नकार्य, दवाखाना, बाजार यांसाठी माणसांची जा-ये चालूच असते, आणि आता अनेक कुटुंबे ती आपल्या लहान मोटारीतून करतात. अवजड मालमोटारींच्या रांगेत ही चिमुकली गाडी धावते. दुर्दैवाने टक्कर झालीच, तर ‘वेळ आली होती’ एवढे बोलून लोक गप्प होतात. परंतु मोटारीच्या सुरक्षिततेचा इतिहास पाहिला, तर वेळेला दिलेला पुष्कळसा दोष गाडीच्या घडणीकडे जातो.

गाडी जितकी कठीण तितकी ती सुरक्षित, ही समजूत फार दिवस चालली. ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंता बेला बारेन्यी यांनी ती खोडून काढली. गाडीचे पुढचे व मागचे अंग चेपणारे असावे आणि माणसे बसतात तो मधला भाग मात्र अभंग राहावा, असा त्यांचा सिद्धान्त होता. नारळ झाडावरून पडतो तेव्हा आघात सोडण सोसते, करवंटी टिकते आणि आतले खोबरे वाचते. तसाच हा प्रकार. १९५९ साली मर्सिडीज कंपनीने या तत्त्वावर गाडी बाजारात आणली. त्याच वर्षी स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांचा, खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा सीटबेल्ट गाड्यांत बसू लागला.

ज्ञान झाले, पण ते ग्राहकापर्यंत पोहोचावयास आणखी काळ लागला. १९७९ साली अमेरिकेच्या सरकारने गाड्या मुद्दाम भिंतीवर आदळून त्यांचे निकाल लोकांपुढे मांडण्यास आरंभ केला. १९९७ साली युरोपातही तसेच निकाल प्रसिद्ध झाले. रोव्हर १०० ही इंग्लंडची छोटी हॅचबॅक त्या परीक्षेत केवळ एक तारा मिळवू शकली आणि त्याच वर्षी तिचे उत्पादन थांबले.

भारताची पाळी २०१४ च्या जानेवारीत आली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने मारुती सुझुकी अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-१० आणि फोक्सवॅगन पोलो या पाच छोट्या गाड्या तपासल्या. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडीच्या पुढील रुंदीचा ४० टक्के भाग अडथळ्यावर आदळावयाचा, अशी ती कसोटी. प्रौढांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. अल्टो, नॅनो आणि आय-१० यांचा सांगाडाच कोसळला. फिगो आणि पोलो यांचा टिकला, पण आत एअरबॅग नव्हत्या. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी हीच पोलो दोन एअरबॅगसह तपासली, तेव्हा तिने चार तारे मिळविले. गाडी तीच, सांगाडा तोच. उणीव होती ती दोन पिशव्यांची. कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो विकणे बंद केले.

पुढे कायदाही हलला. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना समोरील व बाजूच्या धडकेची चाचणी बंधनकारक झाली. जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बनलेल्या टाटा अल्ट्रोझ या हॅचबॅकने प्रौढांच्या संरक्षणात पाच तारे मिळविले. लहान गाडी दुबळीच असते, हा समज तेथे मोडला. २२ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने भारत एनकॅप या देशी मूल्यांकनाची घोषणा केली आणि १ ऑक्टोबरपासून ते अमलात आले. आरंभी ते ऐच्छिक ठेवण्यात आले.

तथापि ताऱ्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अडथळ्यावरची ही धडक साधारणपणे समान वजनाच्या गाडीशी होणाऱ्या टकरीसारखी असते. भरलेल्या मालमोटारीची गोष्ट वेगळी. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. शिवाय चाचणीतील पुतळ्यांना पट्टे बांधलेले असतात. पट्टा न बांधणाऱ्या प्रवाशाला ते तारे लागू पडत नाहीत.

आणि मुलांचे तारे निराळे मोजतात. पाच तारे मिळविणाऱ्या त्याच अल्ट्रोझला मुलांच्या संरक्षणात तीनच तारे मिळाले होते. ताशी ६४ किलोमीटरची धडक म्हणजे सुमारे १६ मीटर उंचीवरून पडणे होय. त्या वेगातील गाडी ६० सेंटिमीटर अंतरात थांबली, तर मांडीवरचे १० किलोचे मूल आईच्या हातांना सुमारे २७० किलोंचे होते. कोणत्याही आईचे हात तेवढा भार पेलू शकत नाहीत. मुलासाठी वेगळे आसन आणि त्याचा पट्टा यांची गरज आहे ती याचसाठी.

गाडी घेताना तिचा रंग, किंमत आणि एका लिटरला किती किलोमीटर हे आपल्याकडे आवर्जून विचारले जाते. प्रौढांचे तारे किती आणि मुलांचे किती, हाही प्रश्न त्याच वेळी विचारावा. रोव्हर आणि पोलो यांच्या बाबतीत बदल घडला तो निकाल लोकांना कळल्यानंतरच.