महाराष्ट्रातील कन्सोल गेमिंग

महाराष्ट्रातील कन्सोल गेमिंग या विषयात दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेम यंत्रांचा (कन्सोलचा) राज्यातील प्रसार, या यंत्रांसाठी राज्यात होणारी खेळनिर्मिती आणि खेळाडूंच्या मागण्या यांचा समावेश होतो. भारतात व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक मोबाइलवर खेळतात. कन्सोलधारकांचा वर्ग त्या मानाने लहान आहे. मात्र मुंबई आणि पुणे ही देशातील खेळनिर्मितीची प्रमुख केंद्रे असल्यामुळे या क्षेत्रात महाराष्ट्राला विशेष स्थान आहे.

इतिहास

आठ-बिट यंत्रांचा काळ

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात आणले. १९९० च्या दशकात या यंत्राच्या स्वस्त नकला 'लिटल मास्टर' यांसारख्या नावांनी भारतीय घरांत पोहोचल्या. खेळ साठवलेल्या काडतुसाला सर्रास 'कॅसेट' म्हटले जाई. एका कॅसेटमध्ये शेकडो किंवा हजारो खेळ असल्याचे वेष्टनावर छापलेले असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. 'सुपर मारिओ ब्रदर्स', 'कॉन्ट्रा' आणि बंदुकीच्या आकाराच्या उपकरणाने खेळला जाणारा 'डक हंट' हे खेळ या काळात विशेष लोकप्रिय होते. ज्यांच्या घरी यंत्र नसे ती मुले तासाच्या भाड्याने चालणाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जात.

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स

२००० मध्ये जपानमध्ये सादर झालेले सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन २' हे यंत्र भारतात दीर्घकाळ विकले गेले. नव्या पिढीची यंत्रे आल्यानंतरही कमी किमतीमुळे त्याला मागणी राहिली. या काळात अनधिकृत प्रतींचा व्यापारही मोठा होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार आयात केलेली यंत्रे आणि खेळ यांसाठी ओळखला जाई. पुढील यंत्रांचे भारतातील अधिकृत आगमन पुढीलप्रमाणे झाले:

• एक्सबॉक्स ३६० – सप्टेंबर २००६
• प्लेस्टेशन ३ – एप्रिल २००७ (३९,९९० रुपये)
• प्लेस्टेशन ४ – जानेवारी २०१४ (३९,९९० रुपये)
• एक्सबॉक्स वन – सप्टेंबर २०१४ (३९,९९० रुपये)
• एक्सबॉक्स सिरीज एक्स व सिरीज एस – नोव्हेंबर २०२० (अनुक्रमे ४९,९९० व ३४,९९० रुपये)
• प्लेस्टेशन ५ – फेब्रुवारी २०२१ (४९,९९० रुपये, डिस्कविरहित आवृत्ती ३९,९९० रुपये)

निन्टेन्डोचे 'स्विच' हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकले गेले नाही. ते खासगी आयातदारांमार्फत मिळते. २०२४ मध्ये आलेले 'प्लेस्टेशन ५ प्रो' हे यंत्रही त्या वेळी भारतात उपलब्ध झाले नाही. त्यातील वाय-फाय ७ तंत्रज्ञानाला लागणाऱ्या लहरींच्या पट्ट्याला काही देशांत परवानगी नसल्याचे कारण सोनीने दिले होते.

मोबाइलचा प्रभाव

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि खेळण्याचे मुख्य साधन फोन हे बनले. 'पब्जी मोबाइल' या खेळाने लाखो नवे खेळाडू घडवले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये तो वेगळ्या नावाने परतला. यामुळे भारतीय निर्माते व गुंतवणूकदार यांचे लक्षही प्रामुख्याने मोबाइलकडे वळले.

राज्यातील खेळनिर्मिती

मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'इंडियागेम्स' आणि 'नझारा टेक्नॉलॉजीज' या कंपन्यांनी साध्या मोबाइल फोनवरील खेळांपासून वाटचाल केली. मुंबईच्या 'ट्राइन गेम्स'ने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' हा गल्ली क्रिकेटवर आधारित खेळ प्लेस्टेशन २ साठी, तर २०११ मध्ये 'रा.वन' या हिंदी चित्रपटावर आधारित खेळ तयार केला.

फ्रान्समधील 'युबिसॉफ्ट' कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून पुण्यातील केंद्र घेतले आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरे केंद्र सुरू केले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती ही दोन केंद्रे करीत असल्याची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली. पहिल्या झलकेतील दृश्यांच्या दर्जावर खेळाडूंनी टीका केली, प्रकाशन वारंवार लांबले आणि मे २०२२ मध्ये हे काम कॅनडातील माँट्रियल केंद्राकडे सोपवण्यात आले. दुय्यम स्वरूपाची कामे करणाऱ्या भारतीय केंद्रांना पूर्ण खेळाची जबाबदारी मिळण्याच्या दृष्टीने हा प्रकल्प महत्त्वाचा मानला गेला होता.

स्वतंत्र निर्मितीत पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ उल्लेखनीय आहे. २०१७ मधील लोकवर्गणीची मोहीम अपयशी ठरल्यानंतरही काम चालू राहिले. खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर आला. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तुकला आणि छायाबाहुल्यांची शैली यांवर तो आधारलेला आहे. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये २०२० च्या सर्वोत्तम पदार्पण विभागात त्याला नामांकन मिळाले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची भर घालण्यात आली.

खेळाडूंच्या अपेक्षा

किंमत आणि मालकी

आयात शुल्क आणि वस्तू व सेवा कर यांमुळे भारतात कन्सोल महाग पडते. प्लेस्टेशन ५ च्या पिढीत सोनीच्या मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत गेली. त्यामुळे वापरलेली डिस्क विकत घेणे, खेळ संपल्यावर ती विकणे किंवा मित्रांशी अदलाबदल करणे ही भारतीय खेळाडूंची रूढ पद्धत आहे. डिजिटल स्वरूपात घेतलेला खेळ असा हस्तांतरित करता येत नाही. म्हणून डिस्कविरहित यंत्र स्वस्त असले, तरी दीर्घकाळात ते महाग पडू शकते.

मालकीचा हा प्रश्न जागतिक आहे. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी दर २४ तासांनी इंटरनेट जोडणीची अट आणि वापरलेल्या खेळांवर निर्बंध जाहीर केले. खेळाडूंच्या विरोधामुळे काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. मार्च २०२४ मध्ये 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर बंद झाल्यावर विकत घेतलेला खेळही निरुपयोगी ठरला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहकहक्कांची चळवळ उभी राहिली.

सतत चालणारे खेळ

खेळाडूला दीर्घकाळ गुंतवून ठेवून खेळांतर्गत खरेदीतून उत्पन्न मिळवण्याकडे मोठ्या प्रकाशकांचा कल वाढला आहे. मात्र त्यात यशाची हमी नसते. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा खेळ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि सुमारे दोन आठवड्यांत बंद झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला 'हेलडायव्हर्स २' यशस्वी झाला, तर एकट्याने खेळण्याचा 'अ‍ॅस्ट्रो बॉट' 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळ ठरला. खेळाडू एखादा प्रकारच सरसकट नाकारतात, असे यावरून म्हणता येत नाही. पूर्ण झालेला, पैशाचा मोबदला देणारा खेळ ते पसंत करतात, एवढे दिसते.

भाषा आणि आशय

प्रमुख कन्सोलच्या मेनूमध्ये मराठीचा पर्याय नाही. मोठ्या खेळांतही मराठी उपशीर्षके सहसा नसतात. संवादप्रधान खेळांत ही अडचण अधिक जाणवते, कारण इंग्रजी वेगाने वाचता न येणारा खेळाडू कथेबाहेरच राहतो. फुटबॉल, मोटारशर्यत किंवा मारामारीचे खेळ भाषेविना समजतात. क्रिकेटची स्थितीही वेगळी नाही. 'इए' कंपनीने २००६ मधील 'क्रिकेट ०७' नंतर या मालिकेतील नवा कन्सोल खेळ काढला नाही. पुढे ही जागा ऑस्ट्रेलियाच्या 'बिग अँट स्टुडिओज'ने भरून काढली.

महानगरांबाहेरील स्थिती

राज्याच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. मुंबईहून गोंदियापर्यंत विदर्भ एक्सप्रेस धावते. तरी हे अंतर सुमारे हजार किलोमीटरचे आहे. खेळनिर्मिती मात्र मुंबई-पुण्यातच एकवटली आहे. अशा जिल्ह्यांच्या दृष्टीने इंटरनेट हा कळीचा मुद्दा ठरतो. अनेक आधुनिक खेळांचा आकार १०० जीबीच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. २० एमबीपीएस वेगाच्या जोडणीवर एवढा खेळ उतरवण्यास सुमारे ११ तास लागतात. दिवसाला २ जीबी मर्यादेच्या मोबाइल योजनेवर त्यासाठी ५० दिवसांचा डेटा खर्ची पडेल. म्हणून डिस्क, इंटरनेटविना चालणारे खेळ आणि एकाच पडद्यासमोर दोघांना खेळता येण्याची सोय यांचे महत्त्व महानगरांपेक्षा येथे अधिक आहे. क्लाउडवरून थेट खेळण्याच्या सेवा यंत्राचा खर्च वाचवतात, पण त्यांना अखंड व वेगवान जोडणी लागते.

आशयाच्या दृष्टीने झाडीपट्टीची रंगभूमी, दंडार, शंकरपट, झाडीबोली आणि नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल ही या भागाची सांस्कृतिक व नैसर्गिक ओळख आहे. प्रादेशिक कथांवर खेळ घडू शकतात, हे 'राजी'ने दाखवून दिले आहे.

शासकीय धोरण

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला. त्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-क्रीडा व सामाजिक खेळांना प्रोत्साहन देण्याची तरतूद केली. विकत घेऊन खेळल्या जाणाऱ्या कन्सोल खेळांवर ही बंदी नाही. मे २०२५ मध्ये मुंबईत 'वेव्हज' ही जागतिक दृक्‌श्राव्य व मनोरंजन परिषद झाली, तसेच शहरात भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था सुरू करण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग व कॉमिक्स क्षेत्रासाठीच्या धोरणास मान्यता दिली.

हेही पहा

• व्हिडिओ गेम
• ई-क्रीडा
• प्लेस्टेशन ५
• गोंदिया जिल्हा