जखम धुणाऱ्या हातांचा इतिहास: पुण्याचा कुंभार, केशरोपण आणि आपलं न्हाणं



धारूरला बोलायला उभं राहिलं की वक्ता किल्ल्यापासून सुरुवात करतो. मीही करतो. १५६७ च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार किश्वर खान याने हा किल्ला बांधला. थोड्याच काळात निजामशाहीने तो घेतला, पुढे शहाजहानच्या काळात मुघल आले. वेढा कुणी घातला, किल्ला कुणी जिंकला, हे तवारिखांत सापडतं. पण त्या लढायांत ज्यांची डोकी फुटली, नाक-कान कापले गेले, त्यांच्या जखमा कुणी धुतल्या? कशाने धुतल्या? कितव्या दिवशी धुतल्या? हे लिहून ठेवायचं कुणाला सुचत नाही. वार करणाऱ्याचं नाव राहतं, जखम धुणाऱ्याचं राहत नाही.

आजचा विषय हाच आहे. आणि तो मला सुचला एका अगदी साध्या प्रसंगावरून.

आमच्या गल्लीतला एक मुलगा. वय तीस. लग्नाचं बघणं चाललेलं, आणि दोन ठिकाणांहून केसांमुळे नकार आलेला. त्याने साठवलेले पैसे काढले, शहरात जाऊन डोक्यावर केस लावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने घरी आला. पिशवीत एक फवाऱ्याची बाटली, गोळ्या आणि सूचनांचा इंग्रजी कागद. चौथ्या दिवशी आईला त्याच्या डोक्यावरच्या खपल्या बघवेनात. तिने शिकेकाई उकळली, कढत पाणी काढलं आणि लहानपणी न्हाऊ घालायची तसं मायेने चोळून डोकं धुतलं. खपल्या गेल्या. खपल्यांबरोबर रक्त आलं, आणि लावलेले कितीतरी केस मुळासकट हातात आले. त्या माउलीची चूक काय? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता मी तुम्हाला थोडं मागे नेतो. पुण्याला, सव्वादोनशे वर्षांपूर्वी.

१७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा माणूस होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य घराण्यातला किंवा दरबारी हकीम नव्हता. इंग्रजी वर्णनात त्याला विटा पाडणाऱ्या जातीचा म्हटलं आहे. आपण त्याला कुंभार म्हणतो. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचं सविस्तर वर्णन छापून आलं.

पद्धत अशी. आधी मेणाचं नाक करायचं. ते चपटं करून कपाळावर ठेवायचं आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. तेवढी कपाळाची कातडी सोडवायची. पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग कातडी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या जागी बसवायची. ती पट्टी म्हणजे नव्या नाकाची नाळ. रक्त तिच्यातून येणार.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. सुश्रुताचं नाव घेतात, टाळ्या वाजतात, आणि विषय संपतो. पण त्या वर्णनाचा उरलेला भाग वाचा. मला तो जास्त मोलाचा वाटतो, कारण तो कापण्याबद्दल नाहीच. तो नंतरच्या दिवसांबद्दल आहे.

कातडी बसवल्यावर पाण्यात कालवलेल्या काताचा पातळ लेप कापडाच्या पट्ट्यांना लावायचा. कात म्हणजे आपण पानाला लावतो तोच. अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवायच्या. चार दिवस दुसरं काहीही करायचं नाही. चार दिवसांनी त्या काढायच्या आणि तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवायच्या. पहिले पाच-सहा दिवस रोग्याने उताणंच झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालायचे, म्हणजे त्या मिटणार नाहीत. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडलेली पट्टी कापायची.

बघा: चौथा दिवस, सहावा दिवस, दहावा दिवस, पंचविसावा दिवस. त्या कुंभाराकडे दिवसांचा हिशेब होता. माती वाळायला किती दिवस, भट्टी निवायला किती दिवस, हे ज्याच्या अंगवळणी पडलेलं असतं, त्याला घाई करून चालत नाही हे कळतं. हे माझं म्हणणं आहे, इंग्रजांनी तसं लिहिलेलं नाही. पण ओल्या जखमेवर पाणी, लेप आणि हात कधी लावायचा आणि कधी आवरायचा, हे त्याला ठाऊक होतं, एवढं त्या वर्णनातून स्वच्छ दिसतं.

पुढे लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया करून पाहिली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. कार्प्यूचं नाव वैद्यकाच्या इतिहासात आहे. कावसजीचं चित्रही जेम्स वेल्स या चित्रकाराने काढून ठेवलं. कुंभाराचं नाव मात्र कुणी विचारून लिहून घेतलं नाही.

आता नाकावरून केसांवर येतो. ही उडी वाटेल, पण दोन्हींत एकच तत्त्व आहे: शरीराचा एक भाग उचलून दुसरीकडे रुजवायचा. आपण मराठीत ‘केशरोपण’ म्हणतो, म्हणजे रोप लावणं. शब्द अचूक आहे. आपल्या बालाघाटातलं सीताफळ नावाजलेलं. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्यांनी सीताफळाची किंवा आंब्याची कलमं बांधली आहेत त्यांना मी काय शिकवणार? कलम बांधलं की ते हलवायचं नाही, पाणी बेताने द्यायचं, जोड धरला की नाही हे सारखं ओढून बघायचं नाही.

केशरोपणाची आधुनिक गोष्ट जपानपासून सुरू होते. १९३९ मध्ये शोजी ओकुदा या डॉक्टरांनी भाजलेल्या डोक्यावर, भुवयांवर केसांसह कातडीचे बारीक तुकडे रोवल्याचं लिहिलं. महायुद्धाच्या धामधुमीत ते काम बाहेरच्या जगाला कळलंच नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला नॉर्मन ओरेंट्राइक यांनी टक्कल पडलेल्या माणसावर हा प्रयोग केला आणि १९५९ मध्ये त्यामागचा नियम मांडला. नियम असा: केस जिथून आणला तिथला स्वभाव तो सोडत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस सहसा गळत नाहीत. ते पुढे लावले तरी टिकतात. नाकासाठी कपाळाची कातडी घेताना केसांच्या रेषेजवळची कातडी आली, तर नव्या नाकावरही केस उगवतात, तेही याच नियमाने.

सुरुवातीला चार मिलिमीटरचे गोल तुकडे लावत. दिसायचं बाहुलीच्या डोक्यासारखं, झुपके-झुपके. पुढे एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका तेवढाच उचलून लावायची पद्धत आली. आज एका बैठकीत असे दोन-अडीच हजार पुंजके सहज लावतात. आणि इथेच कुंभाराच्या नाकात आणि या केसांत मोठा फरक आहे. नाकाला पंचवीस दिवस रक्ताची नाळ होती. केसाच्या पुंजक्याला नाळ नसते. तो पूर्ण तुटून येतो आणि जेमतेम मिलिमीटरभर छिद्रात नुसता बसलेला असतो. भोवतालची रक्तवाहिनी त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला धरून ठेवणारं दुसरं काही नाही. नंतर वर खपली धरते तेवढीच.

किती दिवस? अमेरिकेतल्या बर्नस्टाइन आणि रासमन या डॉक्टरांनी हेच तपासलं आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी पुंजका बाहेर येतो. पाचव्या दिवसापर्यंत चिकटलेली खपली ओढली की पुंजका तिच्याबरोबर येतोच. नवव्या दिवशी मात्र केस ओढा की खपली, पुंजका जागचा हलत नाही. आता त्या आईचा चौथा दिवस आठवा.

मग प्रश्न येतो, एवढं नाजूक आहे तर धुवायचंच कशाला? धुवावं लागतं. रक्त आणि लस वाळून जाड कवच झालं तर खाज सुटते, घाण साचते, जंतू वाढतात. म्हणजे धुतलंच नाही तरी नुकसान, आणि आपल्या पद्धतीने धुतलं तरी नुकसान.

आपली पद्धत काय? लीळाचरित्रात ‘मर्दना-मादने’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. आधी अंग रगडणं, मग न्हाणं. तेराव्या शतकातला शब्द, आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आपण आजही तेच करतो: तेल जिरवा, उटणं चोळा, कढत पाणी. ‘शाम्पू’ हा इंग्रजी वाटणारा शब्दसुद्धा चांपण्यावरून, चंपीवरून गेलेला आहे. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनला स्नानगृह काढलं आणि इंग्रज राजाला चंपी केली, तेव्हापासून तो तिकडे रुळला. थोडक्यात, डोकं धुणं म्हणजे चोळणं, हे आपल्या हातात मुरलेलं आहे. निरोगी डोक्याला ते सुखाचं. ओल्या रोपणाला नाही.

म्हणून पद्धत सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

पहिले दोन दिवस रोपलेल्या जागेवर पाणी ओतायचं नाही. बाटलीतलं सलाइन सांगितलेल्या वेळी फवारायचं. डोकं उशांवर उंच ठेवून उताणं झोपायचं. बघा, कुंभारही उताणंच झोपवत होता. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात कपाळावर, डोळ्यांभोवती सूज उतरते. बहुतेकांची ती आपोआप ओसरते.

पहिलं धुणं शक्यतो दवाखान्यातच करून घ्यावं आणि घरचं माणूस तेव्हा शेजारी उभं करावं. घरी धुताना सौम्य शाम्पू तळहातावर घेऊन पाण्यात फेस करायचा. तो फेस बोटांच्या पेरांनी नुसता टेकवायचा. नख नाही, चोळणं नाही. काही मिनिटांनी कोमट पाणी तांब्याने जवळून, हळू सोडायचं. नळाची धार किंवा शॉवर थेट डोक्यावर नको. टॉवेलने पुसायचं नाही, सुती कापड टेकवून पाणी टिपायचं. मागची, केस काढलेली बाजू वेगळी जखम आहे. तीही हळूच धुवायची.

आपल्याकडची आणखी एक अडचण: बोअरचं पाणी. जड पाण्यात फेस होत नाही, म्हणून माणूस जास्त शाम्पू घेतो आणि जास्त चोळतो. त्या दहा दिवसांपुरतं पिण्याचं, उकळून निवलेलं पाणी वापरा. दोन तांबे पुरतात. शिकेकाईची भरड खपलीत अडकते, ती महिनाभर बाजूला ठेवा. आणि आपल्याकडे उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड लावतात, ती तर मुळीच नको. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, उघड्या जखमेवर तिचं कामच नाही.

साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी, डॉक्टरांना विचारून, फेस थोडा जास्त वेळ ठेवायचा आणि पेरांनी हलकेच गोल फिरवायचं. खपल्या मऊ होऊन गळतात. त्यानंतर दोन-सहा आठवड्यांत लावलेले केसही गळतात! तेव्हा घाबरून जाऊ नका. केस गळतो, मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवा केस येऊ लागतो, आणि खरं रूप दिसायला वर्ष लागतं. मात्र पू, वाढती लाली, ताप असेल तर घरगुती उपाय नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शेवटचा मुद्दा. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोनच दिवसांत मृत्यू झाला. तेव्हा हे काम नेमकं कोण करतं, हा प्रश्न सगळ्यांपुढे आला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लिहावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून हे शिकता येत नाही. म्हणून जाण्याआधी विचारा: चीर कोण देणार? डॉक्टर पूर्णवेळ खोलीत असणार का? आणि माझी एक भर: नंतर धुवायचं कसं, ते मराठीत लिहून द्या, आणि ज्याच्या हाताने धुतलं जाणार आहे त्याला समजावून सांगा. हजारो रुपयांच्या कामाचं भवितव्य शेवटी न्हाणीघरात, एका तांब्यावर आणि कुणाच्या तरी आईच्या हातावर ठरतं.

पुण्याच्या त्या कुंभाराचं नाव आपण गमावलं. पण त्याचा दिवसांचा हिशेब कागदावर उरला, म्हणून आज मी तो तुम्हाला सांगू शकलो. तुमच्या घरात असं कुणी येईल तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयवर पहिल्या दिवसापासून आकडे टाका. दहा आकडे. तेवढे दिवस हात आवरा.