दाढेतलं ब्लीच आणि पहिलं महायुद्ध

रूट कॅनलच्या खुर्चीत मला चक्क स्विमिंग पूलचा वास आला! डॉक्टर म्हणाल्या, "सोडियम हायपोक्लोराइट. ब्लीचमध्ये असतं तेच."

घरी येऊन शोधलं, तर गोष्ट थेट १९१५ मध्ये पोचली. महायुद्धात सैनिकांच्या जखमा सडत होत्या. ब्रिटिश केमिस्ट हेन्री डेकिनने ०.५ टक्के हायपोक्लोराइटचं द्रावण बनवलं. फ्रेंच सर्जन अलेक्सिस कॅरेल ते रबरी नळ्यांनी दर दोन तासांनी जखमेत सोडायचा. पुढे डेंटिस्ट लोकांनी तेच दाताच्या मुळात नेलं.

पण साध्या सलाइनने धुतलं तर चालत नाही का? स्वीडनमध्ये बायस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट यांनी हे तपासलं. सलाइन वापरल्यावर पाचव्या भेटीत १५ पैकी ८ दातांत जंतू सापडले नाहीत. हायपोक्लोराइट वापरल्यावर, १९८३ च्या पेपरप्रमाणे, १५ पैकी १२ दातांत.

मग उरलेले तीन? कॅनलला बारीक फाटे असतात, तिथे फाइल पोचत नाही आणि औषधही सहज जात नाही.

खरं सांगतो, दुखणं थांबलं म्हणून मी पुढची सिटिंग टाळणार होतो. हे वाचलं आणि गुपचूप गेलो.