जॉन हाउलँड यांच्या कुलवृत्तांताचा शोध : परंपरा आणि कागद

प्रस्तावना

घराण्याचा इतिहास लिहिताना संशोधकासमोर दोन प्रकारची साधने असतात : पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली हकीकत आणि समकालीन कागदपत्रे. या दोहोंत विसंगती आढळल्यास कशावर विसंबावे, हा कुलेतिहासातील मूलभूत प्रश्न होय. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १६२० मध्ये उत्तर अमेरिकेत गेलेले जॉन हाउलँड यांच्या कुलवृत्तांताच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परंपरेने सांगितलेला वृत्तांत

हाउलँड हे मूळचे इंग्लंडमधील फेनस्टँटन येथील. प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांचे सेवक म्हणून ते जहाजावर होते. वादळात ते समुद्रात फेकले गेले. परंतु पाण्यात लोंबणारा दोर हाती लागल्याने बचावले. जहाजावरील १०२ प्रवाशांपैकी सुमारे निम्मे पहिल्याच हिवाळ्यात व त्यानंतरच्या काही महिन्यांत मृत्यू पावले. १६२१ मध्ये कार्व्हर व काही आठवड्यांनी त्यांच्या पत्नी यांचेही निधन झाले. पुढे हाउलँड यांचा एलिझाबेथ हिच्याशी विवाह झाला. ही एलिझाबेथ म्हणजे गव्हर्नर कार्व्हर यांची कन्या, अशी समजूत पुढे रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात वंशजांनी प्लिमथच्या ‘बरिअल हिल’वर उभारलेल्या स्मृतिशिलेवरही तीच कोरली गेली. मूळ पुरुष सेवक असला तरी तो गव्हर्नरचा जामात ठरत असल्याने ही हकीकत वंशजांना प्रिय वाटली असल्यास नवल नाही.

हस्तलिखिताची साक्ष

वसाहतीचे दीर्घकाळ गव्हर्नर राहिलेले विल्यम ब्रॅडफर्ड यांनी वसाहतीचा इतिहास स्वहस्ते लिहून ठेवला होता. हे हस्तलिखित बॉस्टनमधील ‘ओल्ड साउथ’ चर्चमधील ग्रंथसंग्रहात होते. अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत ते तेथून नाहीसे झाले. १८५५ मध्ये लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात त्याची ओळख पटली आणि १८५६ मध्ये ते प्रथमच संपूर्ण छापले गेले. हस्तलिखिताच्या अखेरीस ब्रॅडफर्ड यांनी प्रवाशांची कुटुंबवार यादी देऊन सुमारे तीस वर्षांनंतरची त्यांची स्थिती नोंदविली आहे. तीनुसार हाउलँड यांची पत्नी ही जॉन टिली यांची कन्या होती. तिचे आईवडील दोघेही आगमनानंतर लवकरच मृत्यू पावले होते. या दांपत्याची दहाही अपत्ये त्या वेळी हयात असल्याचेही ब्रॅडफर्ड नमूद करतात.

पूरक साधने

एका नोंदीवर विसंबणे योग्य नसल्याने अन्य कागद तपासणे आवश्यक ठरते. इंग्लंडमधील हेन्लो गावच्या चर्चच्या नोंदवहीत एलिझाबेथ टिलीच्या बाप्तिस्म्याची तारीख ३० ऑगस्ट १६०७ अशी आहे. म्हणजेच समुद्रप्रवासाच्या वेळी ती तेरा वर्षांची होती. १६२७ मध्ये वसाहतीतील गुराढोरांची वाटणी करण्यासाठी प्रत्येकी तेरा जणांचे बारा गट पाडण्यात आले. त्या यादीत हाउलँड, एलिझाबेथ आणि डिझायर व जॉन ही दोन मुले आढळतात. गुरांच्या वाटणीचा हा व्यावहारिक कागद आज १५६ व्यक्तींची जणू शिरगणतीच ठरला आहे. अपत्यांची नावे निश्चित करण्यास पती-पत्नींच्या मृत्युपत्रांचे साहाय्य होते.

तारखा वाचतानाही सावधगिरी हवी. त्या काळी इंग्रजी वर्षारंभ २५ मार्चला होत असे. त्यामुळे तत्कालीन गणनेनुसार २३ फेब्रुवारी १६७२ रोजी झालेला हाउलँड यांचा मृत्यू आजच्या गणनेने १६७३ मध्ये येतो. हा भेद दुर्लक्षिल्यास वंशावळीत एक वर्षाची चूक शिरते.

समारोप

कागद उजेडात आल्यावर स्मृतिशिलाही पालटण्यात आली. आजच्या शिलेवर एलिझाबेथचा उल्लेख जॉन टिली यांची कन्या असाच आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष या दांपत्याचे वंशज होत. त्यांची वंशरेषा गव्हर्नरच्या घराकडे न जाता एक सेवक आणि एक पोरकी मुलगी यांच्यापाशी पोहोचते.

या उदाहरणावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, कुलेतिहासाचा शोध ज्ञात पिढीकडून अज्ञात पिढीकडे, प्रत्येक दुव्याला कागदाचा आधार घेतच व्हावयास हवा. दोन, परंपरेतील चूक बहुधा प्रतिष्ठेच्या दिशेने झुकते आणि तिची किंमत सामान्य माणसांना मोजावी लागते. येथे ती हेन्लोच्या टिली दांपत्याने मोजली : नव्या भूमीवर पाय ठेवताच मृत्यू पावलेल्या या आईवडिलांचे नाव त्यांच्याच वंशजांच्या स्मरणातून पुसले गेले होते. ते परत मिळवून देणे, हेच कुलेतिहासाच्या संशोधनाचे खरे प्रयोजन होय.